रेकॉर्ड आहे, पण कुठं आहे?

या शनिवारी तांत्रिक काही लिहीत नाही. म्हणजे विषय डेटाबेसचाच आहे, फक्त हा डेटाबेस लोखंडी कपाटात, लाल फडक्यात बांधून ठेवलेला आहे आणि कपाटाची चावी शिपायाच्या करगोट्याला आहे.

गेले सहा-सात महिने मी आमच्या गावच्या सरकारी दप्तरांत डोकं घालून बसलोय. त्यातून एक पक्कं मत झालंय, ते आधीच सांगून टाकतो. लहान शहरात जुनं सार्वजनिक रेकॉर्ड मिळत नाही म्हटलं की लोक लगेच लाच, आळस आणि 'अजून कॉम्प्युटर आले नाहीत' या तीन गोष्टींवर येतात. मला लाच कुणी मागितली नाही. आळशी माणसं भेटली तशी मरमर काम करणारीही भेटली. कॉम्प्युटर तर प्रत्येक टेबलावर आहे. जे कुठंच नाही ते म्हणजे यादी. कुठल्या कचेरीत, कुठल्या सालापासूनचं, कुठलं रजिस्टर, कुठल्या खोलीत आहे, याची साधी दोन पानी यादी. ती असती तर माझं सहा महिन्यांचं काम दोन दिवसांत झालं असतं.

आता किस्सा. आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं ठिकाण, नगरपालिका ब वर्गातली. (म्हणजे कायद्याच्या हिशोबानं लोकसंख्या चाळीस हजार ते एक लाख.) नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या कचेऱ्यांबद्दल बोलणार आहे तिथल्या लोकांना त्रास व्हायला नको आणि काकूंनाही. काकू म्हणजे आमच्या समोरच्या वाड्यातल्या काकू. नात्यानं कुणी नाहीत, पण माझी शाळेची सगळी वर्षं त्यांच्या सोप्यावर गेली. वय शहात्तर. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगी परगावी. वाड्यातलं माजघर, दोन खोल्या आणि परसातला आड एवढा भाग त्यांचा. पुढचा भाग थोरल्या घराचा, म्हणजे काकूंच्या चुलत सासऱ्यांचा. थोरल्यांच्या नातवंडांनी २०२२ मध्ये तो विकला. विकला तो ठीक, पण घेणाऱ्याचं म्हणणं असं की मी नुसता पुढचा भाग घेतलेला नाही, कार्डावर जो नंबर आहे त्यातला निम्मा अविभक्त हिस्सा घेतलाय, तेव्हा आड कुणाचा आणि मधली भिंत कुणाची ते अजून ठरायचंय. त्यानं तसं ठरवायला वकिलाची नोटीसही पाठवली.

काकूंचं म्हणणं, "अरे, वाटणी माझ्या लग्नाच्या आधीच झालीय. मामंजींनी रजिस्टर केली होती. कागद ट्रंकेत होता." ट्रंक २००५ च्या पुरात गेली. (२०१९ च्या पुरात उरलंसुरलं गेलं.) आणि पुढचं वाक्य मला उद्देशून, "तू कॉम्प्युटरवाला ना, तुला सापडेल."

प्रॉपर्टी कार्ड काढलं. ते ऑनलाइन मिळतं, काही अडचण नाही. त्यावर थोरल्यांचं एकट्याचं नाव आणि पुढे तीन अक्षरं, 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. झालं असं होतं की आमच्या गावात सिटी सर्व्हे आला १९७० च्या दशकात. चौकशी अधिकाऱ्यासमोर थोरले हजर राहिले, धाकटे नोकरीनिमित्त बाहेर, आणि वाटणी आधीच झालेली असूनही कार्डावर एकत्र कुटुंब लागलं. पुढे कुणी ते बघितलंच नाही. घरात कुणाला काही शंकाच नव्हती, आड सगळ्यांना माहीत होता कुणाचा ते. पन्नास वर्षांनी त्या तीन अक्षरांनी काकूंना कोर्टाच्या पायरीपर्यंत आणलं.

म्हणजे शोधायचं काय, तर एक नोंदणीकृत वाटणीपत्र. साल माहीत नाही. दस्त क्रमांक माहीत नाही. गाव माहीत आहे आणि दोन भावांची नावं माहीत आहेत.

आमच्या धंद्यात असा प्रश्न आला की माणूस म्हणतो, नावावरून क्वेरी मार. इथंच गंमत सुरू होते. नोंदणी खात्याची ऑनलाइन शोधसेवा आहे आणि ती बरी चालते, पण मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्राचा कॉम्प्युटरवरचा डेटा २००२ च्या सुमारास सुरू होतो. त्याआधीचं सगळं कागदावर. वकिलांकडे गेलो तर ते म्हणाले सर्च रिपोर्ट देतो की, तीस वर्षांचा. बँकेला तीस वर्षं पुरतात, म्हणून सगळे वकील तीसच वर्षं मागं जातात. त्यामागचं गाव जणू अस्तित्वातच नाही.

रजिस्टर ऑफिसातले क्लार्क सज्जन होते. म्हणाले, "साहेब, साल सांगा, मी स्वतः काढून देतो." खरंच दिलं असतं. पण सूची क्रमांक दोन ही दर वर्षाची वेगळी असते. त्यात मिळकतीचं वर्णन, लिहून देणार, लिहून घेणार, तारीख आणि दस्त क्रमांक. लग्नाच्या आधी म्हणजे काकूंच्या लग्नाच्या, १९७२ च्या आधी. धाकट्यांच्या हातात पैसा आला १९४० नंतर. म्हणजे तीस-बत्तीस खंड, काहींची पानं चिकटलेली, काहींना वाळवीनं नक्षी केलेली. "एवढे काढणार कोण?" हा त्यांचा प्रश्न उद्धट नव्हता. त्या ऑफिसात दिवसाला जेवढे दस्त होतात तेवढे करूनच तो माणूस संध्याकाळी सातला घरी जातो.

आता जरा 'नंबर' या विषयावर थांबतो, कारण मला सगळ्यात जास्त वेळ इथंच लागला आणि खरा रोगही मला इथंच दिसतो.

एकाच जागेला आपल्याकडे किती नंबर असतात बघा. शेतजमीन असेल तर जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली गावात एकत्रीकरण योजना झाली असेल तर त्याचा झाला गट नंबर. कुठल्या सर्व्हेचा कुठला गट झाला हे एकत्रीकरणाच्या तक्त्यात, आणि तो तक्ता तलाठ्याकडे नाही, भूमी अभिलेखकडे. (तलाठ्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. चावडीत मी तसं कुणाला म्हणताना ऐकलेलं नाही.) तीच जमीन शहराच्या हद्दीत आली, बिगरशेती झाली, की क.जा.प. म्हणजे कमी-जास्त पत्रक. मग सिटी सर्व्हे नंबर. मध्येच नगररचना योजना आली तर अंतिम भूखंड क्रमांक. आणि या सगळ्याशी काडीचाही संबंध नसलेला नगरपालिकेचा घर नंबर, जो वॉर्ड बदलले की बदलतो. गावठाणातल्या वाड्याला तर सर्व्हे नंबरच नसतो. १९५० च्या दशकातल्या वाटणीपत्रात सिटी सर्व्हे नंबर असणं शक्यच नाही, कारण सिटी सर्व्हे नंतर आला. त्यात असते ती चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस तमक्याची पडवी. म्हणजे जागेची ओळख शेजाऱ्याच्या नावावरून आणि शेजाऱ्याची त्याच्या शेजाऱ्याच्या. चक्क लिंक्ड लिस्ट! आणि मधला एक शेजारी घर विकून गेला की साखळी तुटली.

चार खाती, पाच-सहा प्रकारचे नंबर, आणि एका नंबरावरून दुसऱ्यावर जायचं टेबल कुठंच नाही. चारही कचेऱ्या आमच्या गावात एकमेकांपासून पाच मिनिटांच्या अंतरावर आहेत. सिटी सर्व्हेवाल्यांना नगरपालिकेचा घर नंबर सांगून उपयोग नाही, नगरपालिकेला दस्त क्रमांकाचं सोयरसुतक नाही, रजिस्टर ऑफिसला जुना घर नंबर म्हणजे परकी भाषा. जो माणूस या चारही भाषा बोलतो त्यालाच गावात एजंट म्हणतात. त्याला आपण शिव्या घालतो, पण तो दुसरं काय करतो? सरकारनं न केलेला जॉइन तो डोक्यात करतो आणि त्याचे पैसे घेतो.

आमच्या बाबतीत तो जॉइन करून दिला अण्णांनी. अण्णा नगरपालिकेच्या कर विभागातून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. एजंट नाहीत, पैसे घेत नाहीत, फार तर चहा, तोही बिनसाखरेचा. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अरे, वाटणी झाल्यावर पट्टी वेगळी लावून घेतली असेल की नाही?"

एवढंच. पण हे एक वाक्य म्हणजे सगळा इंडेक्स होता. नगरपालिकेची घरपट्टीची फेरआकारणी दर चार वर्षांनी. वाटणी करून घेणारा माणूस पहिलं काम करतो ते आपली पट्टी आपल्या नावावर वेगळी करून घेण्याचं, कारण नाहीतर भावाच्या थकबाकीपायी आपल्या दारात जप्तीवाले येतात. तेव्हा आकारणी रजिस्टरात एका घर नंबराचे दोन कधी झाले ते बघायचं. १९५३ च्या रजिस्टरात वाडा एका नंबरावर, पणजोबांचं नाव. १९५७ च्या रजिस्टरात तोच नंबर 'अ' आणि 'ब', समोर दोन भावांची नावं. बत्तीस वर्षांची चार झाली. चार खंड काढायला रजिस्टर ऑफिसातल्या त्याच क्लार्कनी आनंदानं मदत केली, दुसऱ्याच खंडात नोंद सापडली. १९५५, जून महिना. अकरा दिवसांनी प्रमाणित नक्कल हातात. त्यात आड धाकट्याकडे, आणि भिंत सामाईक नसून धाकट्याची, हे मोजमापासकट लिहिलेलं आहे. 'आडावर थोरल्यांनी उन्हाळ्यात दोन महिने पाणी भरावे, हक्क सांगू नये' असंही एक वाक्य आहे. ते वाचून काकू बराच वेळ हसत होत्या.

नकलेच्या आधारे कार्डावर दुरुस्तीचा अर्ज गेलाय. समोरच्याची हरकत आली आहे, सुनावणी व्हायची आहे. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

मला प्रश्न पडला तो अण्णांचा. अण्णा सत्तरीच्या पुढचे आहेत. ती जुनी आकारणी रजिस्टरं नगरपालिकेत आहेत हे त्या विभागातल्या सध्याच्या कुणालाही माहीत नव्हतं. "इतकं जुनं काही नाही आमच्याकडं," हे मला तीनदा सांगण्यात आलं होतं, आणि सांगणारा खोटं बोलत नव्हता. रजिस्टरं होती ती पाणीपुरवठ्याच्या जुन्या स्टोअरमध्ये, वरच्या फळीवर, कारण २००५ च्या पुरात ती अण्णांनीच दोन शिपायांना घेऊन तिथं चढवली होती. खाली आणायचं कुणाला सुचलं नाही. अण्णा नसते तर कायद्याच्या भाषेत उत्तर आलं असतं 'अभिलेख आढळून येत नाही' आणि ते उत्तर सहीशिक्क्यासह कोर्टात काकूंच्या विरुद्ध वापरलं गेलं असतं.

कुणी म्हणेल, सगळं स्कॅन करून टाका. इथं आमच्या व्यवसायातल्या लोकांशी माझं भांडण आहे. राज्यानं या बाबतीत बरंच काम केलंय आणि ते मी मानतो. सही केलेला डिजिटल सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो, आपली चावडीवर फेरफाराची नोटीस दिसते. वीस वर्षांपूर्वी यातलं काहीही कुणाला खरं वाटलं नसतं. जुने फेरफार, सातबारे वगैरेही कितीतरी ठिकाणी स्कॅन झालेत. पण शोधायचं कसं? जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा, कागदाचा प्रकार निवडा आणि नंबर टाका. नंबर! तो माहीत असेल तर मी आलो कशाला असतो? स्कॅन म्हणजे फोटो. कपाटातला गठ्ठा हार्ड डिस्कवर गेला एवढंच, गाठ तशीच. जुन्या गठ्ठ्याला निदान वर चिठ्ठी तरी असायची.

आणि हे जमत नाही असंही नाही. २०२३ मध्ये सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा काय झालं आठवा. तहसीलच्या रेकॉर्ड रूम उघडल्या. शाळांचे जुने दाखलखारीज रजिस्टर, गाव नमुना चौदा म्हणजे आपलं कोतवाल बुक, जुने हक्कनोंदीचे कागद, सगळं बाहेर आलं. मोडी वाचणारे शोधून आणले गेले, ज्यांना त्याआधी कुणी विचारत नव्हतं. पन्नास लाखांच्या वर नोंदी सापडल्या, याद्या जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर लागल्या. आरक्षणाबद्दल तुमचं-माझं मत काय हा इथं मुद्दाच नाही. मुद्दा असा की काही महिन्यांत अख्ख्या राज्याचं जुनं दप्तर उलगडून बघितलं गेलं. आमच्या भाषेत फुल टेबल स्कॅन. आणि लिहून काय ठेवलं, तर ज्या एका शब्दासाठी शोध होता त्या शब्दाच्या नोंदी. हात त्या प्रत्येक रजिस्टराला लागलाच होता. जाता जाता 'रजिस्टराचं नाव, गाव, साल अमुक ते तमुक, कपाट नंबर' एवढी एक ओळ प्रत्येकाची लिहायची, असा एक आदेश सोबत निघाला असता तर गावोगावची सूची आयती तयार झाली असती. अशी संधी पुन्हा कधी येणार?

बरं, ही अक्कल आपल्याला नव्यानं शिकायला नको. महसूल खात्यात इंग्रज अधिकारी अँडरसनच्या काळापासून दप्तर कसं ठेवायचं याची पद्धत आहे. सहा गठ्ठे पद्धत अजूनही कारकुनांना शिकवतात. अ वर्ग म्हणजे कायम जपायचं, ब तीस वर्षं, खालचे त्याहून कमी, ड वर्षभरात नष्ट. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कलेक्टर कचेरीची घडी बसवताना सुरुवात रेकॉर्ड रूमपासूनच केली होती. 'लखीना पॅटर्न' म्हणून तो पुढे गाजला. सगळ्यांच्या लक्षात राहिली ती बसायची टेबलं आणि काचेची केबिनं. रेकॉर्डची वर्गवारी, हे त्यातलं कंटाळवाणं पण खरं काम, बहुतेक ठिकाणी गेलंच राहून.

कायदाही आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम म्हटलं की आपण सतरा मुद्द्यांच्या त्या माहितीबद्दल बोलतो. पण त्याच्याही आधी, कलम ४(१)(क) मध्ये, प्रत्येक कार्यालयानं आपलं रेकॉर्ड सूचीबद्ध आणि अनुक्रमणिकेसह ठेवावं असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे मी मागतोय ती यादी ही मेहेरबानी नाही. त्याच वर्षी महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदाही झाला. इतकं सगळं असून यादी नाही.

एक गोष्ट मात्र या फिरण्यात शिकलो, ती तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. प्रत्येक गोष्टीला माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नका. आपल्याकडे तो रामबाण झालाय, आणि अर्ज दिसला की समोरचा माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो, तीस दिवस थांबतो आणि वकिली उत्तर देतो. त्याच्यापेक्षा कितीतरी जुने हक्क तुमच्याकडे आहेत. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक एक आणि त्याच्या सूची फी भरून कुणालाही बघता येतात. तुमचा त्या मिळकतीशी संबंध काय, हे विचारायचा अधिकार क्लार्कला नाही. जन्ममृत्यूच्या रजिस्टरात शोध घ्यायला लावून उतारा मागायची तरतूद १९६९ च्या कायद्यात आहे. (मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचं कारण मात्र देता येत नाही, आणि ते बरोबरच आहे.) सार्वजनिक दस्ताची प्रमाणित नक्कल मिळणं हा पुराव्याच्या कायद्यातला हक्क, जो १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात तसाच पुढे आला. साधा नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टँप, आणि समोरच्याला 'भाऊसाहेब' म्हणण्याची तयारी. निम्मी कामं एवढ्यात होतात.

आणि यादी नाही म्हणून स्वतःच कपाट बघायचं असेल तर सोमवार. पुणे महापालिकेनं आधी सुरू केलेली पद्धत उचलून राज्याच्या सामान्य प्रशासन विभागानं २०१८ च्या नोव्हेंबरात परिपत्रक काढलं की जिल्हा पातळीवरच्या आणि पालिकांसारख्या कार्यालयांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यावेत. आमच्या पालिकेत ते कुणाला माहीत नव्हतं. मी प्रिंट नेली, मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली, आणि पुढच्या सोमवारपासून मला खुर्ची मिळाली. तरी सोमवारी दुपारी तीनला मोकळा असतो कोण? सरकारी कचेऱ्यांना फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे शनिवार बंद. मी घरून काम करतो म्हणून जमलं. रोजंदारीवरच्या माणसाला दोन तासांसाठी दिवसाचा खाडा.

आता उलटी बाजूही बघायला हवी. सगळंच ऑनलाइन टाका, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. कोतवाल बुकात जातीचा रकाना आहे. जुन्या मृत्यू नोंदींत लोकांच्या घरातली अशी दुःखं आहेत की ती गुगलला सापडायचं काही कारण नाही. दस्तांवर अंगठ्याचे ठसे असतात आणि ते ऑनलाइन दस्तांवरून उचलून आधारशी जोडलेल्या खात्यांतले पैसे काढल्याचे प्रकार इतर राज्यांत उघडकीला आले आहेत. त्यामुळे कागद कपाटात राहिला तरी माझी हरकत नाही. पण कागद काय आहेत याची यादी गुप्त ठेवण्यासारखं त्यात काय आहे? 'घरपट्टी आकारणी रजिस्टर, १९५३ ते १९५७, जुने स्टोअर, वरची फळी' यात कुणाची वैयक्तिक माहिती आली? हे मुद्दाम लिहितोय, कारण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं अपवादाचं कलम बदलून पार आखूड केलंय, आणि 'वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही' हे वाक्य मला आताच एका खिडकीवर ऐकायला मिळालं. कशासाठी? तर १९६१ सालच्या पालिकेच्या सभेच्या इतिवृत्तासाठी!

असो. तक्रार करून झाली की हाताला काहीतरी काम लागतं. गेल्या तीन सोमवारी अण्णांना गाडीवरून पालिकेत नेलं. ते खुर्चीवर बसून सांगतात, मी एक्सेलमध्ये भरतो. रजिस्टराचं नाव, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, खोली, कपाट, फळी, अवस्था. अवस्थेत तीनच शेरे ठेवलेत, ठीक, फाटलेलं आणि वाळवी. आत्तापर्यंत दीडशेच्या आसपास ओळी झाल्यात. नावं, मजकूर, काही नाही, फक्त काय कुठं आहे ते. पालिकेच्या हेडक्लार्क मॅडमनी आधी दोनदा विचारलं की याचं तुम्ही पुढं करणार काय. मग त्यांनाच १९८४ चं एक बांधकाम परवानगीचं रजिस्टर वर्षभर सापडत नव्हतं ते यादीत ओळ क्रमांक बहात्तरला निघालं. तेव्हापासून चहा येतो. प्रिंट त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. बाहेरून लावा म्हटलं, तर म्हणाल्या, "साहेबांची परवानगी लागेल."

परवानगीचा अर्ज दिलाय. पुढच्या सोमवारी जन्ममृत्यूची खोली घ्यायची आहे. तिथली किल्ली दुसऱ्याच शिपायाकडं असते आणि तो सोमवारी रजेवर असतो, असं अण्णांचं म्हणणं.